दोन चाकांचा सल्ला : नोव्हेंबरातले चिनार

प्रश्न : माझ्याकडे साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. दिवाळीनंतर बारा दिवसांची रजा मिळेल. काश्मीरमध्ये चिनार लाल झालेले बघायचे, ही फार दिवसांची इच्छा. पण ग्रुपमधले सगळे म्हणतात की तिकडचा बाईकचा सीझन सप्टेंबरात संपतो, नोव्हेंबरात जाणं म्हणजे वेडेपणा. खरंच का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या ग्रुपच्या डोक्यात लडाख आहे. खारदुंगला, झोजिला, बर्फाची भिंत आणि पुढे उभं राहून काढलेला फोटो. तो सीझन खरंच संपलेला असतो. पण चिनार काही घाटमाथ्यावर उगवत नाही हो! तो खोऱ्यातला, माणसांच्या शेजारचा वृक्ष: बागेत, मशिदीच्या आवारात, ओढ्याकाठी, गावाच्या चौकात. श्रीनगरची उंची जेमतेम सोळाशे मीटर. म्हणजे तुम्हाला एकही खिंड ओलांडायची नाही, फक्त खोऱ्यात हिंडायचंय. ते नोव्हेंबरात अगदी जमतं.

आधी तारखांचं बघा. सफेदा, म्हणजे रस्त्याकडेचे ते उंच सरळसोट पॉपलर, ऑक्टोबरच्या मध्यालाच पिवळे पडतात. चिनार सावकाश पेटतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पिवळा-केशरी, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तांबडा, मग गंजल्यासारखा, आणि मग पानं खाली. एकाच झाडावर हे सगळे रंग एका वेळी दिसतात, त्यामुळे दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तरी हात रिकामे राहत नाहीत. मात्र दिवाळी नोव्हेंबरात आली, तर रजा दिवाळीच्या आधीची मागा. घरचे रुसतील, त्यांना अक्रोड आणून द्या.

जम्मूहून वर जाताना रामबन-बनिहालचा टप्पा तेवढा जपून. पाऊस पडून गेला असेल तर तिथे डोंगरावरून दगड येतात, वाहतूक थांबवतात. थांबवली की थांबायचं, ट्रकांच्या फटीतून पुढे घुसायचं नाही. पुढे बनिहाल-काझीगुंड बोगदा साडेआठ किलोमीटरचा आहे, २०२१ साली खुला झाला. बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढा. पलीकडच्या तोंडाला बाहेर पडलात की हवा एकदम बदललेली असते, जाकिटाची चेन आपोआप वर जाते.

श्रीनगरला एकच खोली घ्या आणि सामान तिथेच टाका. रोज मुक्काम हलवायची हौस इथे कामाची नाही, कारण दिवस लहान. साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि पाठोपाठ गारठा उतरतो. दुपारी सोळा-सतरा अंश असलेलं तापमान पहाटे दोन-तीनवर येतं, कधी शून्याखाली. गाडी चालवायची ती सकाळी दहा ते दुपारी चार. याला आमचे हे ‘सरकारी कचेरीची वेळ’ म्हणतात आणि मागच्या सीटवर बसून काटेकोर पाळायला लावतात.

पहिल्या दिवशी शहरातच फिरा. सकाळी हजरतबलजवळचं नसीम बाग, म्हणजे काश्मीर विद्यापीठाचं आवार. मुघलांच्या काळातल्या जुन्या चिनारांची राई तिथे आहे, आणि दल तलावाच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळचं ऊन समोरून, पाण्यावरून येतं. निशात या मुघल उद्यानाचं उलट. त्याच्या पाठीशी झबरवानचे डोंगर, त्यामुळे सकाळी तिथे सावलीच असते. दुपारनंतर तलावाकाठच्या रस्त्याने तिकडे वळा, मावळतीचं ऊन थेट झाडांवर येतं. बहुतेक लोक नेमके उलटे जातात आणि फोटो काळे आले म्हणून कुरकुरतात.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे. पांपोरला केशराची शेतं लागतात. फुलं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात आणि सकाळीच खुडतात, तेव्हा एवढ्या दिवशी गारठा सोसून नऊलाच निघा. शेतात पाय घालण्याआधी मालकाला विचारा. पुढे अवंतीपूरला नवव्या शतकातल्या अवंतिवर्म्याच्या मंदिरांचे अवशेष. संगमच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्रिकेटच्या बॅटींसाठी कापलेल्या विलोच्या फळ्या वाळत रचलेल्या असतात. आपल्याकडे गल्लीत बडवली जाणारी ‘काश्मीर विलो’ बॅट ती हीच. मग बिजबिहाडा. चिनारासाठी मला नेमकं एकच गाव निवडायला सांगितलं, तर मी हेच निवडीन. निशातसारखी इथे गर्दी नाही आणि झाडांचे बुंधे असे की चार माणसांनी हात धरले तरी पुरे पडू नयेत. वेळ उरला तर अनंतनागवरून अच्छबलचं मुघल उद्यान. कुठली बाग उघडी आहे आणि कुठली बंद, हे मात्र निघण्याआधी हॉटेलवाल्याला विचारून घ्या. सुरक्षेपायी यात बदल होत असतात.

आता धोका कशाचा, ते सांगते. बर्फापेक्षा पानांचा! रस्त्यावर पडलेली पानं दवाने भिजली की टायरखाली शेवाळासारखी होतात. वळणावर पानांचा थर दिसला की वळणाआधीच वेग कमी करा, गाडी सरळ ठेवा आणि त्या थरावर पुढचा ब्रेक दाबू नका. सकाळी सावलीतल्या पुलांवर पाण्याचा पातळ थर गोठलेला असू शकतो आणि तो दिसत नाही, नुसता रस्ता ओला वाटतो. दहाच्या आधी निघू नका म्हणते ते यासाठी. थंडीत टायरची हवाही उतरते, पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. सांगलीत भरलेल्या हवेवर विसंबू नका.

लवकर बर्फ पडणारच नाही असंही नाही. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जोरदार बर्फ पडला, आणि पानांसकट उभी असलेली सफरचंदाची झाडं त्या ओझ्याने मोडली. म्हणून परतीच्या बाजूला दोन दिवस मोकळे ठेवा. शोपियांहून पीर की गलीवरून जाणारा मुघल रोड फार मोह घालील. ती खिंड जवळपास साडेतीन हजार मीटरवर आहे. या मोसमात सोडून द्या.

किरकोळ गोष्टी: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या. लष्करी छापाचं जाकीट घालू नका. लष्कराचा ताफा येताना हात दाखवला की बाजूला घेऊन गाडी बंद करा. अंगात जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे थर, आणि सगळ्यात वरून रेनकोट, पाऊस नसला तरी. वारा अडला की थंडी निम्मी होते.

आणि उशिरा जाण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. हरिसा! मटण रात्रभर शिजवून घोटलेला, वरून कडकडीत तेल ओतलेला. आली कदलच्या दुकानांत तो थंडीतच मिळतो आणि सकाळी लवकर संपतो. जूनमध्ये येणाऱ्यांना तो नशिबी नाही. त्या वेळी गल्ल्यांमधून धूरही दिसेल: पडलेली पानं झाडून, पेटवून, वर पाणी शिंपडून कांगडीसाठी, म्हणजे थंडीत जवळ बाळगायच्या निखाऱ्यांच्या शेगडीसाठी, कोळसा करतात. पायाखालची पानं कुणाच्या तरी हिवाळ्याची बेगमी असते, ढीग उधळून रील करू नका.

प्रश्न : एवढ्या लांब जाणं शक्य नाही. महाराष्ट्रात असे रंग बाईकवरून कुठे बघता येतील?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ऑक्टोबरात कुठेच नाही. आपल्याकडची पानगळ फेब्रुवारी-मार्चची, आणि लाल रंग जाणाऱ्या पानांचा नसून येणाऱ्या पालवीचा. मार्चमध्ये मेळघाटात जा. कुसुंबाची पालवी इतकी लालभडक की लांबून फुलंच वाटावीत. जोडीला पळस असतोच. उन्हाचा ताप मात्र सोसावा लागेल.

प्रश्न : पुण्याहून जम्मूला गाडी रेल्वेने पाठवताना काय बघावं?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : झेलम एक्सप्रेस पुण्याहून थेट जम्मू तवीला जाते. स्वतःच्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून गाडी टाका. ‘पार्सल’ केलीत तर तुम्ही आधी पोचाल आणि ती कधी, ते सांगता यायचं नाही. टाकी पूर्ण रिकामी, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती सोबत, आरसे काढून पिशवीत. गोणपाटाचं पॅकिंग स्टेशनबाहेर करून मिळतं. हँडल, टाकी आणि सायलेन्सर यांवर दुहेरी गुंडाळायला लावा आणि स्वतः उभं राहून करून घ्या. जम्मूला उतरलात की पहिला पेट्रोलपंप कुठल्या बाजूला, ते आधी विचारा. तिथपर्यंत ढकलायचीच आहे.