शेवटचा 'नाही' ऐकू येतोय का?

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अर्ध्या तासाची एकांकिका बसवते आहे. कथानक, पात्रे, संवाद, संघर्ष हे घटक पुस्तकात वाचले. तालमीत त्यांचं नेमकं करायचं काय? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : संघर्षापासून सुरुवात करा, बाकीचे घटक त्याच्यामागून येतात. संहितेतल्या प्रत्येक प्रवेशाच्या समासात एक ओळ लिहा : कोणाला काय हवंय आणि आडवं कोण येतंय. 'बापाला शेत विकायचंय, मुलगी सही करत नाही.' अशी ओळ लिहिता आली नाही, तर तो प्रवेश म्हणजे नुसत्या गप्पा आहेत. तिथे कात्री लावा.

भरतमुनींनी कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (यशाची आशा), नियताप्ती (यशाची खात्री), फलागम (फळ हाती येणं). अर्ध्या तासाच्या एकांकिकेत प्रारंभ तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आटोपलेला बरा. शाळेच्या नाटकांत बहुतेक वेळा पात्रांची ओळख करून देण्यातच आठ-दहा मिनिटं जातात आणि शेवट उरकावा लागतो.

तीन आठवडे हाती असतील, तर पहिले चार दिवस फक्त बसून वाचन. इथे घाई केली की मुलं चुकीच्या चालीत वाक्यं पाठ करतात आणि ती चाल नंतर काही केल्या सुटत नाही. मग हालचाली बसवा आणि पाठांतर त्यांच्यासोबतच होऊ द्या. 'खुर्चीवरून उठताना हे वाक्य' असं डोक्यात बसलं की ते सहसा विसरत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी संहिता हातातून काढून घ्या. हातातलं सामान (पत्र, कंदील, काठी) मात्र शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवू नका. रिकाम्या हाताने तालीम केलेल्या मुलाला ऐन प्रयोगात पाकीट फोडायला किती वेळ लागतो, ते पाहाच! वाचनाला पंचवीस मिनिटं लागली, तर प्रयोग तिशीला टेकणार हे धरून चाला.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या नाटकात माईक लावूनही मागच्या रांगांना संवाद कळत नाहीत. (एक कार्यकर्ता, ठाणे)

उत्तर : आवाज कमी पडतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा पडतं ते वाक्याचं शेपूट. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. नटाचा श्वास नेमका तिथेच संपतो. 'मी हे घर विकणार नाही' यातला 'नाही' गिळला, की मागच्या रांगेला 'मी हे घर विकणार' ऐकू येतं आणि पुढचं भांडण कशावरून चाललंय ते कळत नाही. उपाय : वाक्याआधी श्वास घ्या, लांब वाक्यात श्वासाची जागा संहितेतच पेन्सिलीने खुणेने दाखवा आणि शेवटचे दोन शब्द किंचित सावकाश बोला. मोठ्याने नव्हे, सावकाश. तालमीत एकाला शेवटच्या रांगेत रंगमंचाकडे पाठ करून बसवा, हातात संहिता न देता. न कळलेल्या वाक्याला त्याने हात वर करायचा.

माईकचा आवाज वाढवत नेला की शिट्टी वाजते, कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. जमिनीवरच्या माईकखाली जाड फोम घाला, नाहीतर संवादांपेक्षा पावलंच जास्त ऐकू येतील. हशा आला तर थांबा, पण तो पूर्ण विरेपर्यंत नाही. ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाका.

प्रश्न : आमच्याकडे एक हजार वॅटचे चार हॅलोजन आहेत. चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळं दिसतं आणि रात्रीच्या प्रवेशात लाल साडी काळी पडते. (एक वाचक, सातारा)

उत्तर : दिवे नटाच्या थेट डोक्यावर टांगले असणार. प्रकाश समोरून, दोन्ही बाजूंनी, साधारण 45 अंशांतून यायला हवा. हिशोब सोपा आहे : चेहरा जमिनीपासून 5 फुटांवर आणि दिवा 13 फुटांवर असेल, तर दिवा नटापासून आडव्या अंतरात 8 फूट लांब हवा. एका बाजूला फिका पिवळा, दुसऱ्या बाजूला फिका निळा कागद लावला तर चेहऱ्याला उठाव येतो. हा कागद दिव्यासाठीचा, उष्णता सोसणाराच घ्या. पतंगाचा कागद पेटतो.

साडीचं कारण असं, की गडद निळ्या प्रकाशात लाल रंग जवळपास नसतोच, मग साडी परावर्तित काय करणार? रात्र दाखवायला मागचा पडदा निळा करा आणि चेहऱ्यावर मंद साधा प्रकाश ठेवा.

आणि हे आधी तपासा : 230 व्होल्टवर असा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर ओढतो. 15 अँपिअरच्या एका प्लगवर तीनच दिवे, चौथा दुसऱ्या लाइनवर. ध्वनीची लाइन शक्यतो वेगळी घ्या, नाहीतर डिमर (दिवा मंद-प्रखर करणारं बटण) फिरवला की स्पीकर गुणगुणतो. मखमली पडद्यापासून दिवा निदान तीन फूट दूर हवा.

प्रश्न : जुनी छापील एकांकिका करायची तर परवानगी लागते का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : लागते, आणि लेखीच घ्या. लेखक हयात नसतील तर हक्क वारसांकडे असतात. निधनानंतर 60 वर्षांपर्यंत ते टिकतात. कॉलेजातच, फक्त विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि पालकांसमोर विद्यार्थ्यांनी प्रयोग केला, तर कायद्यात सूट आहे. तीच एकांकिका बाहेरच्या स्पर्धेत नेलीत की सूट संपली. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, तेव्हा संहिता वेळेत पाठवा.