प्रोटोटाइप म्हणजे सॅम्पलच ना? मराठीत नमुना म्हटलं तर चालेल का?

बोलताना चालून जाईल. पण मी इंदूरचा, नोकरी पीथमपूरला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे सॅम्पल आणि प्रोटोटाइप यांची गल्लत केलीत तर सुपरवायझर बघून घेईल.

सॅम्पल गिऱ्हाइकाने पास करायचं असतं, त्यामुळे ते चांगलंच लागतं. प्रोटो (पूर्ण शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही) करतात तो चुका सापडाव्यात म्हणून. मागे एक प्लॅस्टिकचं ब्रॅकेट होतं. कॉम्प्युटरवर सगळं चोख जुळत होतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पांढरा प्रोटो असेंब्लीतल्या काकांना दिला. त्यांनी बोल्ट घातला, दहा नंबरचा पाना लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फिरवू कुठून? बोटं तर आत जाऊ दे!" ड्रॉइंगमध्ये बोल्टला जागा होती, माणसाच्या हाताला नव्हती. मग भोक बारा मिलिमीटर सरकवलं. डाय, म्हणजे पार्टचा स्टीलचा साचा, तयार झाल्यावर हेच कळलं असतं, तर स्टीलवर वेल्डिंग, पुन्हा मशीनिंग आणि वर शिव्या.

अख्ख्या गाडीचाही प्रोटोटाइप असतो. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या केंद्रात ११.३ किलोमीटरचा लंबगोल हायस्पीड ट्रॅक आहे. इकडच्या रस्त्यावर काळ्यापांढऱ्या नक्षीचे स्टिकर चिकटवलेली गाडी दिसली तर ती बहुधा प्रोटोटाइपच. नक्षी असते ती गाडीचा आकार कळू नये म्हणून.

शब्द मूळचा ग्रीक: प्रोटोस म्हणजे पहिला, टिपोस म्हणजे ठसा. आणि त्याचा अगदी उलट वापरही आहे. १८८९ पासून २० मे २०१९ पर्यंत जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ सेव्रला ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल. उंची ३९ मिलिमीटर, व्यासही तेवढाच. त्यालाही प्रोटोटाइपच म्हणतात. आपली प्रत, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे. त्याला उघड्या हाताने शिवायचीही सोय नाही, आणि आमचा प्रोटो बसत नसेल तर काका सरळ हातोडी घेतात!

मराठीत त्या दंडगोलाला ‘आद्यनमुना’ शोभतो. कारखान्यात मात्र तसं म्हणालात तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील.

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना हा शब्द भेटला असेल तर प्रकरण वेगळं. एखादी गोष्ट ऑब्जेक्टमध्ये सापडली नाही की पुढे जिथे शोधली जाते, ते त्याचं प्रोटोटाइप. तिथे पाना लागत नाही.