घरासाठी रंगीत ऑल-इन-वन प्रिंटर कोणता घ्यावा? (अमळनेर तालुका, बजेट १५ हजार)

तुमची गरज अशी: दोन शाळकरी मुलांचे रंगीत प्रोजेक्ट, सातबारा, पीकविमा आणि आधारच्या झेरॉक्स, कधीमधी पासपोर्ट फोटो. दुकानदार पाच हजारांच्या आतला कार्ट्रिजचा प्रिंटर घ्या म्हणतोय आणि तुम्हाला लेझरचाही मोह होतोय.

कार्ट्रिजचा घेऊ नका. तो स्वस्त मिळतो तो पुढे कार्ट्रिज विकत घ्यावी लागते म्हणूनच. उदाहरणार्थ, एचपीची ८०५ नंबरची छोटी कार्ट्रिज काळ्याची साधारण १२० पानं देते, रंगीत जेमतेम १००. दोन-तीन प्रोजेक्टांत संपते. इंक टँकमध्ये, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई ओतायच्या प्रिंटरमध्ये, एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या शाईची ६५ मिलीची बाटली कंपनीच्या हिशेबाने ४,५०० पानं चालते. हा हिशेब पानाच्या साधारण पाच टक्के भागावर शाई पडेल असं धरून असतो, म्हणजे पानभर निळं आकाश असलेलं चित्र कितीतरी पट शाई खातं. तरी फरक इतका मोठा आहे की वाद घालायला जागा नाही. नवीन टँक प्रिंटरमधली पहिली शाई नळ्या भरण्यात बरीच जाते. पहिल्या बाटल्या लवकर संपल्या तर मशीन खराब आहे असं समजू नका.

पण टँक घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान निघेल का? आपल्याकडे इंकजेट (शाईने छापणारा, कार्ट्रिजचा असो की टँकचा) वापरून जितका खराब होत नाही तितका बंद ठेवून होतो. मे महिन्यात पारा ४२-४५ ला टेकतो आणि हे प्रिंटर साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. कागदावर शाई फवारणाऱ्या हेडच्या केसाहून बारीक छिद्रांत शाई सुकते आणि पिवळा किंवा गुलाबी गायब होतो. सुट्टीत घर बंद करून महिनाभर मामाच्या गावी जाणारं कुटुंब असेल आणि एरवीही महिन्याला पाच-दहाच पानं लागत असतील, तर माझं स्पष्ट मत: ब्लॅक अँड व्हाइट लेझर मल्टिफंक्शन (म्हणजे ऑल-इन-वनच) घ्या आणि रंगीत काम झेरॉक्सवाल्याकडून करून आणा. टोनर ही पूड आहे, सुकत नाही. रंगीत लेझर मात्र या बजेटात बसत नाही आणि त्याचे चार टोनर बदलायची वेळ आली की नवीन इंक टँक परवडतो. कुठलाही लेझर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका. गरम होताना तो काही क्षण शेकडो वॉट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. इंकजेटला छापताना दहा-वीस वॉट पुरतात.

तुमच्या घरी मुलांमुळे नियमित छपाई होणारच, म्हणून इंक टँक. आता कोणता ते शाईवरून ठरवा. एप्सनच्या एल३२१० आणि एल३२५० मध्ये चारही शाया डाय प्रकारच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. फोटो छान येतो, पण साध्या कागदावरच्या अक्षरावर पाण्याचा थेंब पडला की पसरतं. कॅननच्या जी मालिकेतले बहुतेक, एचपी स्मार्ट टँक आणि ब्रदर यांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते, ती पाण्याला बरीच टिकते. पावसाळ्यात पिशवीतून तलाठी कार्यालयात जाणाऱ्या कागदांसाठी हे महत्त्वाचं. फोटो जास्त असतील तर एप्सन, कागदपत्रं जास्त असतील तर बाकीचे तीन. तुमच्यासाठी मी ब्रदरच्या टी४२०डब्ल्यूकडे झुकेन, कारण त्याचा कागदाचा ट्रे खाली बंद असतो. मागे उघड्या उभ्या ट्रेत उन्हाळ्यातली वावटळीची धूळ थेट रोलरवर जाते आणि मग कागद ओढलाच जात नाही. तोटाही आहे. बंद ट्रेतला कागद आत वळून बाहेर येतो, त्यामुळे जाड कार्डशीट अडू शकते. मुलांच्या प्रोजेक्टला जी लागते ती एक शीट सोबत न्या आणि दुकानातच छापून पाहा.

वायफाय असलेलंच मॉडेल घ्या, मोबाइलवरून थेट छापता येतं. एल३२१० ला वायफाय नाही, एल३२५० ला आहे. यातले बहुतेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात. राउटर दोन नावं दाखवत असेल तर ‘५जी’ लिहिलेलं सोडून दुसरं निवडा, ‘प्रिंटर सापडत नाही’ या तक्रारीतल्या बऱ्याच इथेच मिटतात. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: झेरॉक्सची काच ए४ मापाची असते. लीगल कागदावर छापता येतं, पण लीगलच्या प्रतिज्ञापत्राची किंवा खरेदीखताची पूर्ण झेरॉक्स निघत नाही, खालच्या दोन-अडीच इंच ओळी कापल्या जातात.

जागेचं बघा. कूलरच्या झोतात प्रिंटर ठेवला की कागद ओल धरतो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम जातात. खिडकीतलं ऊनही नको. कागद ७५ जीएसएमचा घ्या, उघडलेलं रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

लाइट हा आपला खरा प्रश्न. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा आणि दिवा विझल्यावरच बोर्डाचं बटण बंद करा. बटण दाबल्यावर हेड उजवीकडे जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. छापता छापता लाइट गेली तर हेड मध्येच उघडं राहतं. लाइट आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद करा, नाहीतर रात्रभरात ते कोरडं पडेल.

छपाईत आडव्या पांढऱ्या रेषा आल्या तर आधी नोझल चेक (हेडची छिद्रं तपासायचं पान) छापा. रेषा तुटक दिसली तर प्रिंटरमधलंच हेड क्लीनिंग (छिद्रं साफ करणं) एकदा करा, मग पुन्हा चेक. दोन-तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा, प्रिंटर बारा तास बंद ठेवा आणि मग परत करून पाहा. लोक सलग दहा वेळा क्लीनिंग करतात, त्यात शाई जाते ती जातेच, वर ती सगळी आतल्या पॅडमध्ये जिरते. पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो आणि पॅड बदलायला सर्व्हिसवाल्याची पायरी चढावी लागते. काही नव्या मॉडेलांत हा पॅडचा डबा घरी बदलता येतो. दोन मॉडेलांत मन अडलं असेल तर याच्यावरून निवडा. बाहेरची लूज शाई वॉरंटीत तरी टाकू नका.

जळगावहून किंवा धुळ्याहून आणणार असाल तर शाई गावी येऊनच भरा. भरलेला टँक एसटीत आडवा झाला की शाई झिरपते. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी नीट वाचा: बहुतेकदा ‘एक वर्ष किंवा इतकी पानं, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. तंत्रज्ञ अमळनेरला घरी येतो की मशीन जळगावला न्यावं लागतं, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर पिनकोड सांगून विचारा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर राहू नका.