आईला लूर्दला जायचंय? दोन रात्री हाताशी ठेवा

प्रश्न: आम्ही फ्रँकफर्टला राहतो. मे महिन्यात आई-बाबा बडोद्याहून येतायत. आम्ही देशस्थ, पण आई बडोद्याच्या मिशनरी शाळेत शिकली आणि मरियामातेवर तिची श्रद्धा आहे. फ्रान्समधल्या मरियामातेच्या तीर्थाला, लूर्दला, जायचं आईच्या मनात फार वर्षांपासून आहे. तिचे गुडघे दुखतात. पॅरिस दाखवतानाच एका दिवसात लूर्द उरकता येईल का?

उत्तर: येईल, पण तसं करू नका. लूर्द पॅरिसच्या वाटेवर नाही. ते पार दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून थेट टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान रेल्वे) मिळाली तरी पाच तासांच्या आसपास लागतात. त्यातून जर्मनीची गाडी पॅरिसमध्ये बहुतेक गार द लेस्त स्टेशनवर सोडते. तिथून मोंपार्नासला मेट्रोची ४ नंबरची लाइन थेट जाते, पण जिने आणि लांबलचक बोगदे आहेत. बॅगा आणि दुखरे गुडघे असताना सरळ टॅक्सी करा, आणि दोन गाड्यांमध्ये किमान दीड तास ठेवा. याहून सोपं म्हणजे विमानाने तुलूझ आणि तिथून साधारण दोन तासांची रेल्वे.

सकाळी जाऊन संध्याकाळी परतलात तर दर्शनाची गुहा दिसेल, पण रात्रीची मिरवणूक हुकेल. एप्रिल ते ऑक्टोबर रोज रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. जपमाळ वेगवेगळ्या भाषांत म्हटली जाते आणि ‘आवे मारिया’ आलं की हजारो हात मेणबत्त्या एकदम वर उचलतात. आमच्या मते लूर्दला जायचं ते यासाठीच. मेणबत्तीला कागदाची टोपी असते, ती घ्याच. नाहीतर वाऱ्याने ज्योत विझते आणि मेण बोटांवर गळतं. मे महिन्यातही रात्री गारठा असतो, पाऊस कधीही येतो. बडोद्यात ४२ अंशांत बॅग भरणाऱ्या माणसाला स्वेटर सुचत नाही, तेव्हा तो तुम्हीच काढून ठेवा.

हॉटेल स्टेशनजवळ घेऊ नका. स्टेशन उंचावर आहे, तीर्थ खाली नदीकाठी. जाताना उतार बरा वाटतो, रात्री दहाला तोच चढ होतो. खालच्या भागात, तीर्थाच्या फाटकाजवळ राहा आणि हॉटेलचं बुकिंग करतानाच व्हीलचेअरचं विचारा. टेकडीवरचा क्रूसाचा मार्ग (ख्रिस्ताच्या शेवटच्या वाटचालीचे टप्पे दाखवणारी पायवाट) आईंनी टाळावा. तो दीड किलोमीटर, खडकाळ आणि चढाचा आहे. नदीपलीकडच्या सपाट हिरवळीवर तसाच दुसरा मार्ग केलेला आहे.

आता दर्शन. १८५८ साली ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात १४ वर्षांच्या बर्नादेत सुबिरू या गरीब मुलीला मासाबिएलच्या गुहेत मरियामातेचं १८ वेळा दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. त्यातल्याच एका वेळी तिने हाताने माती उकरली आणि झरा लागला. रांग गुहेच्या आतून जाते. लोक खडकाला हात लावतात, झरा काचेखाली दिसतो. ही रांग सकाळी लवकर छोटी असते. चपला काढायच्या नाहीत. खण-नारळ, उदबत्ती, कुंकू घरीच ठेवा. मेणबत्ती लावायची ती नदीपलीकडे खास बांधलेल्या जागेत. मागणं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकता येतं, मराठीत लिहिलं तरी चालतं. झऱ्याच्या पाण्याने स्नानाचे दोन प्रकार आहेत: पूर्ण बुडी, किंवा हात-तोंड धुऊन ओंजळभर पिणं. त्या दिवशी कोणता चालू आहे ते आदल्या दिवशी विचारा. गुडघ्यांना दुसराच बरा.

मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, एक गोष्ट हमखास चुकते. लोक रांगेत जाऊन पातळ पांढरी चकती घेतात आणि आपल्या माणसांना तो प्रसाद वाटतो. तो प्रसाद नव्हे. ती ख्रिस्ताचं शरीर मानली जाते आणि फक्त कॅथलिकांनीच घ्यायची असते. हातात घेऊन रुमालात बांधून आणणं तर फारच वाईट. बाकावर बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही.

जेवण: ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मासा पुढ्यात येऊ शकतो आणि सूप कोंबडीच्या पाण्यातलं असू शकतं. मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगा. खाखरा बडोद्याहून बिनधास्त येऊ द्या. पेढे, तूप मात्र नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे.

व्हिसा वेगळा लागत नाही. जर्मनीचा शेंगेन व्हिसा फ्रान्समध्ये चालतो, मात्र त्यावर किती दिवस दिलेत ते मोजा. विमा सगळ्या शेंगेन देशांसाठी, किमान ३०,००० युरोंचा हवा. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, हद्दीवर तपासणी होऊ शकते आणि झेरॉक्स चालत नाही.

‘फातिमाही करू’ असं बाबा म्हणतील; तेही मरियामातेचंच तीर्थ, पण पोर्तुगालमधलं. याच फेरीत नको. ती वेगळी सहल आहे आणि १३ मे हा तिथला सर्वांत मोठा दिवस, राहायला जागा मिळणं मुश्कील. पुढे कधी गेलात तर लिस्बनहून बस घ्या; ‘फातिमा’ नावाचं रेल्वे स्टेशन तीर्थापासून सुमारे २० किलोमीटर लांब आहे.

बडोद्याला वाटायला झऱ्याचं पाणी न्यायचं असेलच. नळ फुकट आहेत, दुकानात फक्त बाटलीचे पैसे. हातातल्या बॅगेतली १०० मिलीच्या वरची बाटली बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात, म्हणून मोठी चेक-इनमध्ये. अर्धवट भरलेली बाटली गळते, कारण वर हवेचा दाब कमी झाला की आतली हवा फुगते. बाटली दाबून हवा काढा, मग झाकण घट्ट लावा, त्यावर टेप आणि दोन पिशव्या. आईंच्या साड्यांपासून दूर.