वाचकांचे प्रश्न : फर्मवेअर अपडेट नेमकं कुठे अडतं?

प्रश्न : आमच्या दूध शीतकरण केंद्रात टाकीचं तापमान नेटवर्कवरून दाखवणारं यंत्र आहे. लॅपटॉपवर त्याचं पान उघडतं, पिंगलाही (यंत्र नेटवर्कवर आहे का, हे विचारणारा छोटा संदेश) उत्तर मिळतं. पण फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेला प्रोग्राम) अपडेट सुरू केलं की पासवर्ड घेतं आणि फाइल पाठवताना अडकतं. विंडोजचा फायरवॉल बंद करूनही फरक नाही. – एक वाचक, निपाणी

उत्तर : पासवर्ड चालतो आणि फाइल अडते, यातच निम्मं निदान आलं. असे बरेच अपडेट प्रोग्राम आतून एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) वापरतात आणि त्यात जोडण्या दोन असतात. लॉगिनची जोडणी लॅपटॉप यंत्राच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) करतो. फाइलची जोडणी मात्र ॲक्टिव्ह पद्धतीत यंत्राकडून उलट लॅपटॉपकडे येते. फायरवॉलच्या लेखी ती आगंतुक, म्हणून तो ती टाकून देतो. पिंग मिळतो यावरून केबल ठीक आहे, एवढंच कळतं.

विंडोजचा फायरवॉल बंद करून उपयोग नाही, म्हणजे बहुधा विकतच्या अँटिव्हायरसचा स्वतःचा फायरवॉल आडवा येतोय. कोपऱ्यातलं चिन्ह बंद केलं तरी तो मागे चालूच राहतो. आणखी एक मेख आहे. यंत्राला थेट केबल लावली की गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) सापडत नाही, मग विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क ठरवून ‘पब्लिक’चे कडक नियम लावतं. ‘प्रायव्हेट’ला दिलेली परवानगी तिथे चालत नाही.

आधी यंत्राच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.२० असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. मग अँटिव्हायरसच्या फायरवॉलमध्ये फक्त यंत्राच्या पत्त्यावरून येणाऱ्या जोडणीला परवानगी द्या, आणि काम झालं की तो नियम काढा. अँटिव्हायरस सरसकट बंद करायचा सल्ला सगळेच देतात. आमच्या मते तो शेवटचा उपाय, तोही इंटरनेट तोडून.

मॅन्युअलमध्ये हाताने फाइल चढवायची मुभा असेल तर फाइलझिला या एफटीपी प्रोग्राममधून पॅसिव्ह पद्धत वापरा, त्यात दोन्ही जोडण्या लॅपटॉपच करतो. विंडोजच्या काळ्या खिडकीतल्या (कमांड प्रॉम्प्ट) एफटीपीला पॅसिव्ह जमत नाही, त्याच्या नादी लागू नका. फाइलचा प्रकार ‘बायनरी’च हवा. ‘ॲस्की’मध्ये ओळ संपल्याच्या खुणा बदलल्या जातात आणि फर्मवेअर नासतं. फाइली एकाहून जास्त असतील तर दिलेला क्रम मोडू नका.

हे काम सकाळचं संकलन आटोपल्यावर करा. यंत्र आणि स्विच यूपीएसवर, लॅपटॉप चार्जरवर असू द्या. फाइल लिहिली जात असताना लाईट गेली तर काही यंत्रं पुन्हा उठतच नाहीत. अपडेट चालू असताना अलार्मही वाजणार नाही, तेवढा वेळ हातातल्या थर्मामीटरने दूध ४ अंशांवर आहे ना, ते माणसाने बघायचं.

प्रश्न : अपडेटची फाइल उतरवली की अँटिव्हायरस ती लगेच गायब करतो. – एक वाचक, खानापूर

उत्तर : आतली फाइल उलगडून नेटवर्कवर पाठवणारा, फार कमी लोकांनी उतरवलेला प्रोग्राम अँटिव्हायरसला संशयास्पदच वाटतो. तरी लगेच ‘रिस्टोअर’ दाबू नका. आधी फाइल उत्पादकाच्याच साइटवरून घेतली होती ना, ते बघा. खात्री असेल तर क्वारंटाइनमधून (अँटिव्हायरस संशयित फाइली कोंडून ठेवतो ती जागा) बाहेर काढा, पण चालवू नका. पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश आज्ञेने तिचा शा-२५६ आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. जुळला तर त्या एका फाइलला सूट द्या, अख्ख्या डाउनलोड्स फोल्डरला नको.

प्रश्न : फौंड्रीतल्या यूपीएसचं नेटवर्क कार्ड स्वतः अपडेट शोधतं. ऑफिसच्या लाइनवर ‘सर्टिफिकेट एरर’ येते, मोबाइलच्या राउटरवर मात्र चालतं. – एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : ऑफिसचा फायरवॉल एचटीटीपीएस (साइटशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण) उघडून तपासत असणार. त्यासाठी तो सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या मूळ सर्टिफिकेटच्या जागी स्वतःचं पुढे करतो. ऑफिसच्या संगणकांत ते आधीच भरलेलं असतं, कार्डाला ते परकं. ते नाकारतं आणि बरोबरच करतं. नेटवर्क बघणाऱ्याला सांगून कार्डाच्या पत्त्यापुरती, आणि फक्त उत्पादकाच्या सर्व्हरकडे जाणारी तपासणी वगळून घ्या. तरीही एरर आली तर कार्डातली तारीख बघा. घड्याळ १९७० दाखवत असेल तर कुठलंच सर्टिफिकेट त्याला वैध वाटणार नाही. एनटीपी (घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारा) सर्व्हर भरा आणि त्याला लागणारं यूडीपी १२३ पोर्ट बाहेरच्या दिशेने मोकळं आहे का, ते तपासा.