तुमचे प्रश्न : मिरवणुकीनंतर कानाला बसणारे दडे

प्रश्न : मी पथकात ताशा वाजवते. मिरवणूक संपली की कानाला दडे बसतात आणि रात्रभर कुईं असा आवाज येतो. सकाळी सगळं ठीक असतं. तरी काळजी करायला हवी का?

उत्तर : हो, हवी. दडे सुटले म्हणजे कान पूर्ववत झाला असं नव्हे.

कानाच्या आतल्या शंखात द्रव असतो. हवेतला आवाज थेट द्रवावर पडला तर बहुतेक परतच फिरेल. म्हणून पडद्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांतून पुढे जाते. पडद्यावरचा जोर रिकिबीच्या जेमतेम ३ चौरस मिलिमीटर तळव्यावर एकवटतो आणि दाब सुमारे २० पट वाढतो. द्रव हलला की शंखातल्या सुमारे १५,००० केसपेशींची टोकं वाकतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. दणदणाटात या पेशी थकतात, तेच तुमचे दडे. विश्रांतीने बऱ्याच सावरतात, पण काही मरतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा तयार होत नाही.

मोठा आवाज झाला की एक छोटा स्नायू रिकिबीला आवळून धरतो. मात्र त्याला क्षणभर वेळ लागतो, तोवर ताशाचा ठोका आत पोचलेला असतो.

नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास सुरू होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. मग गर्दीत ‘स’, ‘श’ पुसट होतात. बोलणं ऐकू येतं, शब्द लागत नाहीत.

सरावालाही फोमचे इअरप्लग घाला. कापसाचा बोळा पुरत नाही. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. बाहेरच अडकलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी.

एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठा. उपचार पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात.

प्रश्न : मळ काढायला बड वापरावी का?

उत्तर : नको. मळ नळीच्या बाहेरच्या भागातच तयार होतो आणि त्वचेबरोबर आपोआप बाहेर सरकतो. बड त्याला उलट पडद्याकडे ढकलते. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर तेलही घालू नका.