प्लेटलेट्स ३० हजार दिसल्या की लगेच रिपोर्ट सोडू नकोस

हे बघ, पेशंटला कुठे ब्लीडिंग नाही, अंगावर डाग नाहीत, आधीचा काउंट नॉर्मल आणि आज अचानक ३० हजार, तर आधी ट्यूबमध्ये गुठळी आहे का बघ, असेल तर सॅम्पल परत मागव. नसेल तर स्मिअर कर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरव, आणि मायक्रोस्कोपखाली कडेला, शेपटीकडे म्हणजे थर संपतो तिथे नीट बघ, तिथेच प्लेटलेट्सचे झुबके सापडतात. काहींच्या रक्तात ईडीटीएमुळे, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेल्या रसायनामुळे, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, मशीनला त्या मोजता येत नाहीत, उलट मोठे झुबके कधी पांढऱ्या पेशींत धरले जातात. मग सॅम्पल सायट्रेट ट्यूबमध्ये (यात रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन असतं) घेऊन लगेच मशीनला लाव, त्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणायचा. कधीकधी त्यातही झुबके होतात, म्हणून त्याचाही स्मिअर बघच.

एवढं का सांगतोय, तर या खोट्या आकड्यावर लोकांना गरज नसताना प्लेटलेट्स चढवल्यात, ऑपरेशनं पुढे ढकललीत, स्टिरॉइड दिलेत, बोन मॅरो तपासलाय, आणि त्या माणसाला मुळात काही झालेलंच नसतं रे. रिपोर्टवर "झुबके दिसले, काउंट खरा नाही" असं स्पष्ट लिही आणि डॉक्टरांना फोन कर. पण झुबके नसतील तर कमी आकडा खरा असू शकतो, तेव्हा फोनला अजिबात उशीर नको.